फक्कीच्या भिंती

ऑफिस दोघींचं. एक आर्किटेक्ट, दुसरी इमारतीचा सांगाडा पेलतो की नाही ते बघणारी इंजिनिअर. आणि घरच्या नात्याने वहिनी-नणंद. घरातली हाक ऑफिसात आली आणि मग सगळ्यांच्याच तोंडी बसली. सिमेंटवाला, वायरमन, नकाशे छापून देणारा, सगळे आर्किटेक्टबाईंना 'वहिनी' म्हणत आणि इंजिनिअरबाईंना 'वन्सं'. एकदा एका ठेकेदाराने पाकिटावर 'आदरणीय वन्सं यांस' असं लिहून पाठवलं, तेव्हा वन्सं म्हणाल्या होत्या, "चला, डिग्रीचं सार्थक झालं."

वहिनी फार हळू बोलायच्या. बैठकीत समोरच्यांना कान देऊन पुढे वाकावं लागे. पहाटे उठून अंघोळ, मग दार लोटून घेऊन नामस्मरण, ते होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही, हा त्यांचा रोजचा नेम. प्रवासात असोत, साइटवर असोत, नेम चुकत नसे. वन्सं त्यावरून चिडवायच्या, "देवाला सुट्टी द्या हो एखाद्या दिवशी." वहिनी हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लोटून बसायच्या.

विद्यापीठाच्या कामाइतकं मोठं काम त्यांच्या ऑफिसाकडे कधी आलं नव्हतं. मधोमध खेळाडूंसाठी बंदिस्त स्टेडियम, आणि त्याला चिकटून प्रशिक्षण केंद्र: जिम, फिजिओच्या खोल्या, लॉकर, आणि सराव आटोपला की तिथेच बसून अभ्यास करता येईल अशी वाचनाची जागा. शेवटच्या फेरीत दोनच ऑफिसं उरली होती. दुसरी कंपनी मोठी होती. तिच्याकडे तयार आराखडा होता. तीन ठिकाणी तोच बांधून झालेला, इथे फक्त पाटी बदलायची. शुक्रवारी सकाळी समिती जागेवर येणार होती आणि त्याच दिवशी काम कोणाचं ते ठरणार होतं.

वहिनींचं पारडं जड होतं, ते एका काचेमुळे. समितीचे अध्यक्ष मोठे कारखानदार. त्यांना मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला विद्यापीठाचा रुबाब दिसायला हवा होता. वहिनींनी प्रशिक्षण केंद्र रस्त्याच्या बाजूला आणलं आणि जिमची सबंध भिंत काचेची केली. आत घाम गाळणारी मुलंमुली, बाहेर थबकून बघणारं गाव. चित्र इतकं देखणं झालं, की अध्यक्षांनी ते मोठं छापून स्वतःच्या केबिनमध्ये लावलं. पुढची जागा काचेला दिल्यामुळे प्रेक्षकांना आत यायच्या पायऱ्या मात्र पाठीमागे, हॉस्टेलच्या बाजूला गेल्या. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. खुद्द वहिनींनाही नाही. त्यांना ती काच मनापासून आवडली होती.

कुठलंही काम असो, वहिनींची एक रीत होती. बांधण्याआधी इमारत जमिनीवर खऱ्या मापाने आखायची आणि ज्यांना तिथे राहायचं त्यांना एक सकाळ तिच्यात वावरू द्यायचं. "कागदावरची इमारत सगळ्यांनाच छान वाटते," त्या म्हणायच्या. "पाय ठेवायला मिळाला की मग माणूस खरं बोलतो." आणि त्या आखणीत एकाही खोलीचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की माणूस नावाला हो म्हणतो, खोलीला नाही.

म्हणून मग विद्यापीठाच्या मोकळ्या माळावर चुन्याच्या फक्कीने आखणी करायचं ठरलं. मैदानावर सामन्यांच्या रेघा मारणारे काका होते, त्यांच्याकडे काम सोपवलं. वहिनींनी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने आराखडा काढला. ना नाव, ना अक्षर, ना आकडा. नुसत्या रेघा आणि मापांच्या खुणा. तो फळीवर टाचला, मधल्या खुंटीची जागा काकांना दाखवली, "वरची बाजू पाण्याच्या टाकीकडे," एवढं सांगितलं, आणि दोघी पुढचे दोन दिवस परवानग्यांच्या मागे धावत राहिल्या.

शुक्रवारी सकाळी त्या माळावर पोचल्या तेव्हा ऊन नुकतं कोवळं पडलं होतं. पांढऱ्या शुभ्र रेघा लांबच लांब पसरल्या होत्या. मधोमध कोर्ट, भोवती अर्धगोल अर्धगोल बसायच्या रांगा. बघून डोळे निवावेत अशी आखणी. वन्सं गाडीतून उतरल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या.

"वहिनी, रस्त्याच्या बाजूला आपण काय ठेवलं होतं?"

"प्रशिक्षण केंद्र."

"मग मला तिथे पायऱ्या का दिसतायत?"

वहिनींनी पाहिलं. रस्त्याकडे पायऱ्या होत्या. प्रशिक्षण केंद्र सगळंच्या सगळं पलीकडे, हॉस्टेलच्या आणि जुन्या झाडांच्या ओळीच्या बाजूला गेलं होतं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं.

काका फक्कीचा गाडा घेऊन आले. रात्रभर जागल्यासारखे डोळे, पण चेहऱ्यावर समाधान. "कशी झालीय?"

"काका," वन्सं म्हणाल्या, "इमारत कूस बदलून झोपलीय हो."

"म्हणजे? कागदाबरहुकूम आहे सगळं. टेप लावून बघा. बोटभर इकडचं तिकडं निघालं तर मिशी काढून देतो."

"फळी बघू," वहिनी म्हणाल्या.

फळी आली. वहिनींनी कागदावरून अंगठा फिरवला. अंगठा स्वच्छ. मग कागदाची एक कड उचलून खालच्या बाजूने फिरवला. अंगठा काळा. पेन्सिल खालच्या अंगाला होती. कागद त्यांनीच पालथा टाचला होता. ट्रेसिंग पेपरला पाठ-पोट नसतं. पालथा ठेवला तरी रेघा तेवढ्याच स्वच्छ दिसतात. एखादं अक्षर असतं तर ते उलटं दिसलं असतं आणि शेंबड्या पोरानेही चूक दाखवली असती. पण अक्षर लिहायचं नाही हा नियम त्यांचाच.

"काका, तुमची मिशी शाबूत आहे," वहिनी म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"मी दहादा सांगितलं, कॉम्प्युटरवरून काढून द्या म्हणून," वन्सं सुरू झाल्या.

"तो टोमणा संध्याकाळी मारा, वन्सं. समिती कधी येतेय?"

"नऊला. पाण्याचा टँकर मागवून सगळं धुतलं, तरी पुन्हा आखायला दोन दिवस." वन्संनी हॉस्टेलकडे मान वळवली. "आणि ती बघा आपली फौज. आली."

खेळाडू विद्यार्थी हॉस्टेलवरून सरळ चालत येत होते. खांद्यावर किटबॅगा, काहींच्या हातात चटया. 'आज या इमारतीत सराव करून दाखवा,' असं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. पुढे व्हॉलीबॉलची कॅप्टन होती. उंच, काटक, आणि दोन मैदानं पलीकडे ऐकू जाईल असा आवाज. तिने रेघा बघितल्या आणि लगेच ताबा घेतला.

"ए, ए! भिंतीतून कुठे चाललास? भूत आहेस का?"

"दार कुठंय मग?"

"ते काय, तिकडे. आणि आधी टकटक कर. मुलींची खोली आहे."

एका मुलाने हवेत टकटक केली. आतून तिघींनी एका सुरात विचारलं, "कोण आहे?" आणि हसून लोळल्या. उंच उडीवाला प्रत्येक दारातून जाताना मान वाकवत होता. "बाई, माझ्यासाठी चौकट जरा वर घ्या हं," तो वहिनींना म्हणाला. पोहणाऱ्या पोरांनी एक लांबट खोली पकडून तिला 'बर्फाच्या पाण्याची' ठरवून टाकलं आणि आत उतरल्यावर कुडकुडायचं नाटक केलं.

वहिनी बघत राहिल्या. आधी घड्याळावर नजर ठेवून, आणि मग हळूहळू घड्याळ विसरून.

हॉस्टेलकडून एक धावपटू कुबड्यांवर येत होता. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. तो गवतावरून सरळ आत शिरला, एका वळणात फिजिओच्या खोलीत पोचला आणि खाली बसला. ना पायरी, ना उतरण. काचेच्या आराखड्यात याच मुलाला सबंध स्टेडियमला वळसा घालून रस्त्याकडे जावं लागलं असतं. वहिनींनी मनातल्या मनात तो वळसा चालून पाहिला आणि अर्ध्यातच त्यांना थकवा आला.

झाडांकडच्या मोठ्या खोलीत मुली चटया टाकून आडव्या झाल्या होत्या. कोणी पाय डोक्यामागे नेत होतं, कोणी डोळे मिटून नुसतंच पडलं होतं. कॅप्टन पोटऱ्या चोळत बसली होती. वहिनी तिच्याजवळ गेल्या, चपला खोलीबाहेर काढल्या आणि जमिनीवर बसल्या.

"ही खोली कशाची वाटते तुला?"

"जिम," कॅप्टन म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून, "पण वेगळीच आहे."

"वेगळी म्हणजे कशी?"

"इथे कोणी बघत नाही."

वहिनी थांबल्या. त्यांच्या थांबण्याने माणसं आपणहून बोलू लागत.

"आमच्या आत्ताच्या जिमच्या खिडक्या बसस्टॉपकडे आहेत ना. खिडक्यांना आम्ही पेपर चिकटवलेत. लोक तेही फाडतात. सरावात माणूस चांगला नाही दिसत, मॅडम. तोंड वाकडं होतं, शर्ट वर जातो. कधी उलटी होते. परवा ही रडली." तिने शेजारच्या मुलीकडे बोट दाखवलं. त्या मुलीने डोळे न उघडताच "घाल दवंडी," असं म्हटलं. "सामन्याला या ना बघायला! हवं तेवढं बघा. तेव्हा आम्ही तयार असतो. पण सराव आमचा आमचा आहे."

"आणि या खोलीची अख्खी भिंत काचेची असती, रस्त्याकडे तोंड करून?"

"असलं कोणाच्या डोक्यातून आलंय?"

"माझ्या."

कॅप्टनचा चेहरा पडला. "नाही, म्हणजे... छानच दिसेल, मॅडम. बाहेरून."

मागे उभ्या असलेल्या वन्संना खोकल्याची उबळ आली.

वहिनी उठल्या. झाडांच्या सावलीपर्यंत चालत गेल्या. आज पहाटेच त्या दार लोटून बसल्या होत्या. मांडी मोडत होती, मन भलतीकडे पळत होतं, मध्येच जांभई आली होती, आणि मग कधीतरी सगळं निवलं होतं. ते सगळं कोणी खिडकीतून बघत उभं राहिलं असतं तर? आपण बसलो असतो का? बसलो असतो तरी ते बसणं देवासाठी झालं असतं, की खिडकीतल्यासाठी? इतकी वर्षं स्वतःचं दार लोटून घेणाऱ्या बाईने या मुलींचं दार मात्र काचेचं केलं होतं, आणि वर त्याला त्यांचा सन्मान म्हटलं होतं.

वन्सं मागोमाग आल्या. आवाज उतरलेला. "ऐका वहिनी. अध्यक्षांना सांगू, आखणी उलटी पडली, नकाशा बरोबर आहे. ते हसतील, आपण हसू. काम आपलं होईल. मग हळूहळू बदलू काय ते."

"काच बसल्यावर कोण काढू देईल?"

"आणि आज सांगितलं तर काम जाईल. त्या माणसाच्या केबिनमध्ये ती काच फ्रेम करून लावलीय हो! दादाला काय सांगायचं घरी जाऊन? कागद पालथा पडला म्हणून आम्हीही पालथ्या पडलो?"

"वन्सं, मला एक सांगा. या बाजूला जमीन उतरते. कोर्टाची पातळी आणि ही जमीन एक येते का?"

वन्संनी पट्टी काढली. गाडीतून पातळी मोजायचं लेव्हल यंत्र आणलं. एका पोराला दांडी धरायला लावली, दुसऱ्याला "हलू नकोस, तू भिंत आहेस," असं दटावलं. मापं घेत, स्वतःशी पुटपुटत त्या पार टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहराच बदललेला होता.

"येते. बरोब्बर येते. रस्त्याकडे आपल्याला केवढं खोदावं लागणार होतं! इकडे जमिनीनेच काम करून ठेवलंय. हे आधी का नाही सुचलं आपल्याला?"

"काचेच्या मागचं दिसत नव्हतं मला."

"म्हणजे देवानेच कागद उलटा केला म्हणायचा."

"नको. माझा गलथानपणा त्याच्या माथी नको," वहिनी म्हणाल्या. "त्याने डोळे दिलेत, तेवढे वापरू."

नऊला समिती आली. पुढे अध्यक्ष, हातात काचेच्या चित्राच्या आणखी एका प्रतीची गुंडाळी. बरोबर कुलगुरू मॅडम आणि आणखी चौघं. अध्यक्ष रस्त्याच्या बाजूने आत आले, थांबले, खाली बघितलं.

"बाई, आमची काच कुठे गेली?"

वहिनींनी सांगितलं. कागद कसा पालथा टाचला गेला, ते सांगितलं. मुलांबरोबर सकाळपासून काय पाहिलं, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडे दिलेला माझा आराखडा चुकीचा आहे. जमिनीवर आहे तो बरोबर आहे. मला हाच बांधायचाय."

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला."

वहिनींनी तेच, तेवढ्याच आवाजात पुन्हा सांगितलं. समिती पुढे वाकली. मागून कॅप्टनला राहवलं नाही. "त्या म्हणतायत, कागदावरचं चुकलंय, जमिनीवरचं बरोबर आहे!" ती ओरडली. झाडांवरची पाखरं उडाली.

"ऐकू आलं," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे पालथ्या कागदावरून आम्ही इमारत बांधायची?"

"कागद पालथा होता. त्यावरून आलेली इमारत मुलांच्या उपयोगाची आहे."

"अहो, पण रस्त्यावरच्या माणसाचं काय? त्याला दिसणार काय? पायऱ्या? पायऱ्या बघायला कोण थांबतं? काच असती तर आत मुलं व्यायाम करताना दिसली असती. विद्यापीठाची शान!"

"सर," कॅप्टन म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चढलेला नव्हता, "आम्ही दुकानातल्या बाहुल्या आहोत का?"

अध्यक्षांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात कुलगुरू मॅडम मध्ये पडल्या. "आपण सावलीत बसून बोलू या. दोघी इथेच थांबा." समिती माळाच्या कडेच्या छोट्या पॅव्हिलियनमध्ये गेली. दार लागलं.

वन्सं उन्हात उभ्या राहून दाराकडे बघत होत्या. "दुसऱ्या कंपनीचा फोन नंबर शोधत असतील."

"असतील," वहिनी म्हणाल्या. एवढं मोठं काम पुन्हा आयुष्यात येणार नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरीही, बोललेला एकही शब्द परत घ्यावासा वाटत नव्हता. त्या आत काय चाललंय ते ऐकायचा प्रयत्न न करता उभ्या राहिल्या.

मुलांना नुसतं उभं राहणं माहीत नसतं. कॅप्टनने कुठूनतरी जाळी आणली, दोन खांब आणले, आणि फक्कीच्या कोर्टावर मधोमध ठोकले.

"माझ्या रेघा पुसाल तर याद राखा!" काका ओरडले.

"तुम्हीच पंच व्हा काका, म्हणजे लक्ष राहील!"

काका तडक शिट्टी घेऊन आले. एकीकडे व्हॉलीबॉलच्या मुली, दुसरीकडे मिळतील ते: पोहणारे, भालाफेकवाले, उंच उडीवाला. बाकीचे अर्धगोल रांगांमध्ये जाऊन बसले, आपापल्या रेघेच्या आत, शिस्तीत. कुबड्यावाल्याला पहिल्या रांगेत जागा मिळाली. शिट्टी वाजली.

पहिले काही गुण गमतीत गेले. उंच उडीवाल्याने एक चेंडू जाळीच्याही वर पकडला आणि हातातच धरून बसला. "अरे टाक की! अंडं आहे का ते?" मग सामना रंगला. मुली हरायला तयार नव्हत्या आणि मुलांना मुलींकडून हरायचं नव्हतं. लांबच लांब खेळी चालल्या. चेंडू पडता पडता कोणीतरी झेपावायचं, उचलायचं, आणि रांगांमधून 'हे!' असा एकच आवाज उठायचा. टाळ्यांना ठेका आला. ठेक्याला पायांची साथ आली.

रस्त्यावर एक बस थांब्यावर उभी राहिली ती हलेना. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. केळ्यांच्या गाडीवाल्याने गाडी कुंपणाला टेकवली. शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका, हेल्मेट हातात धरलेला एक माणूस, असे एकेक करून फाटकातून आत आले. समोर आखलेल्या पायऱ्या होत्या. त्या नुसत्या रेघा आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. तरी माणसं त्यांवरून पाऊल उचलून उचलून चढल्यासारखी आली आणि रांगांमध्ये पसरली. मागे वळून वन्संनी बघितलं तर निम्मं स्टेडियम भरलं होतं.

"वहिनी," त्या कुजबुजल्या, "आपली दारं चालतायत."

वहिनींनी बघितलं. माणसांचा लोंढा रस्त्यावरून सरळ येत होता आणि रांगांत वाटला जात होता. कुठे अडत नव्हता, कोणाला वाट विचारत नव्हता. पलीकडे झाडांखाली प्रशिक्षण केंद्राच्या रेघा शांत पडल्या होत्या. तिकडे एकही परका फिरकला नव्हता. दोन मुली तिथे अजून चटयांवर आडव्या होत्या.

एवढ्यात एक लांबलचक खेळी झाली. चेंडू जमिनीला लागायचं नावच घेईना. शेवटी कॅप्टन हवेत उठली, क्षणभर तिथेच थांबल्यासारखी झाली, आणि तिने चेंडू असा हाणला की तो दोन भालाफेकवाल्यांच्या मधून जमिनीत रुतल्यासारखा आदळला. सगळा माळ ओरडला.

पॅव्हिलियनचं दार उघडलं. अध्यक्ष बाहेर आले, पाठोपाठ बाकीचे. हा एवढा कसला गोंधळ ते बघायला अध्यक्ष झपाझप चालत आले आणि तिसऱ्या रांगेसमोर उभे राहिले.

"ओ साहेब," भाजीच्या पिशवीवाली बाई म्हणाली, "खाली बसा ना. मागच्यांना दिसत नाहीये."

अध्यक्षांनी मागे बघितलं. मागच्यांनी त्यांच्याकडे बघितलं. अध्यक्ष खाली बसले, गवतात, दोन रेघांच्या मध्ये. काचेच्या चित्राची गुंडाळी मांडीवर.

"कोण जिंकतंय?" त्यांनी शेजारच्या केळेवाल्याला विचारलं.

"पोरी. पण पोरं सोडत नाहीत. मी रोज या रस्त्याने जातो साहेब, इथे हे असलं चालतं हे माहीतच नव्हतं."

कुलगुरू मॅडम वाकून म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, मग काय ठरवायचं? आत जाऊ या?"

"थांबा हो, हा गुण होऊ दे."

तो गुण झाला. मग पुढचा झाला. उंच उडीवाल्याने जाळीवर अडवलेला चेंडू त्याच्याच डोक्यावर पडला आणि अध्यक्ष मोठ्याने हसले. गुण बरोबरीत आले तेव्हा ते उठून उभे राहिले. त्यांना पुन्हा खाली बसवण्यात आलं. शेवटचा गुण मुलींनी घेतला, आणि सगळ्या रांगा रेघा तुडवत कोर्टावर धावल्या. काका शिट्टी फुंकत राहिले. शिट्टीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

अध्यक्ष कपड्यांवरचं गवत झटकत उठले. ते आधी रस्त्याकडे गेले. पायऱ्यांच्या रेघांपाशी उभे राहून त्यांनी अजूनही आत येणारी माणसं बघितली. मग उलटे फिरून झाडांपर्यंत गेले. मुलींच्या खोलीच्या रेघेपाशी मात्र थांबले. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच झाडांकडे पाहिलं. परत आले तेव्हा वहिनींसमोर उभं राहून म्हणाले, "बाई, तुमच्या पायऱ्या चुकल्यात."

वन्संचा हात पट्टीकडे गेला.

"अरुंद आहेत. आत्ताच माणसं अडकत होती. सामन्याच्या दिवशी काय होईल? दुप्पट रुंद करा." मग जरा थांबून, "आणि जिमला काच लावायचीच असेल, तर झाडांकडे लावा. मुलींना झाडं दिसू देत."

"म्हणजे..." वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे कामाला लागा," कुलगुरू मॅडम म्हणाल्या, आणि मुलांकडे वळून हात वर केले. "हे स्टेडियम तुमचं! असंच बांधायचं, अस्संच!"

जो आवाज उठला, त्यापुढे मघाचे सगळे आवाज पुचाट होते. पोरं धावत आली. वहिनींना उचलायचं धाडस कोणाला झालं नाही. त्या डोळे मिटून, ओठ हलवत उभ्या होत्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वन्संना मात्र कोणी विचारलं नाही. भालाफेकवाल्यांनी त्यांना सरळ खांद्यावर घेतलं.

"अरे उतरवा! माझ्या वजनाचा हिशोब केलाय का कोणी? एका बाजूला झुकतेय मी, उजवीकडचा खांब बुटका आहे!"

उजवीकडच्या खांबाने टाचा उंचावल्या. वन्सं सावरल्या. एका हाताने डावीकडच्या भालाफेकवाल्याचे केस धरून त्यांनी चहूकडे नजर टाकली: रस्त्यापासून आत येणारी माणसं, कोर्टावर नाचणारी मुलं, पांढऱ्या रांगा, झाडांखालच्या सावलीत उतरलेल्या खोल्या.

"वहिनी!" त्या वरून ओरडल्या. "डोळे उघडा आणि इकडे या लवकर! वरून काय सुंदर दिसतंय हो हे!"